लाख-कोटींचे स्वल्पविराम: युनिट टेस्टसह सी प्रोजेक्टची पहिली मांडणी

पासबुकात रक्कम १,२३,४५,६७८ अशी छापलेली असते. सी भाषेतल्या प्रिंटएफला तीच रक्कम दिली की तो १२३४५६७८ असा सलग आकडा समोर ठेवतो. आपल्या पद्धतीने, म्हणजे आधी तीन अंक आणि मग दोन-दोन, स्वल्पविराम घालणारं फंक्शन लिहायला जेमतेम वीस ओळी लागतात. पण त्या वीस ओळींत चुकायला सहा-सात जागा आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा स्क्रीनवर दोन-चार आकडे छापून बघितले तर दिसतच नाहीत. म्हणून युनिट टेस्टसह, म्हणजे फंक्शनची उत्तरं आपोआप तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसह, पहिला प्रोजेक्ट उभा करायला हे उदाहरण घेतलं आहे.

पॉसिक्समध्ये, म्हणजे युनिक्ससारख्या प्रणालींच्या प्रमाणात, प्रिंटएफला अपॉस्ट्रॉफीचा एक फ्लॅग आहे आणि तो स्वल्पविराम घालून देतो. मात्र ते कुठे पडतील हे त्या मशीनवर कोणतं लोकॅल (भाषा-देशानुसारच्या पद्धतींचं सेटिंग) बसवलं आहे आणि प्रोग्रॅमने ते लावलं आहे का, यावर ठरतं. एका लॅपटॉपवर १,२३,४५६ आणि दुसऱ्यावर १२३४५६, हे हिशेबाच्या प्रोग्रॅमला चालणार नाही. फंक्शन आपलंच हवं.

या लेखात आज्ञा, फ्लॅग आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लिपीत आणि स्मॉल अक्षरांत लिहायची, अंकही इंग्रजीच. कॅपिटल अक्षर हवं तिथे तसं सांगितलं आहे.

आधी हत्यारं

उबुंटूवर दोन आज्ञा पुरतात: आधी सुडो एपीटी अपडेट, मग सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल जीडीबी. पहिल्या पॅकेजात जीसीसी (कंपायलर), मेक (फाइलींतून प्रोग्रॅम बांधणारं हत्यार) आणि सी लायब्ररीच्या हेडर फाइली एकत्र येतात; जीडीबी हा डीबगर. फेडोरावर लिबएसान आणि लिबयूबीसान ही दोन पॅकेजं वेगळी घ्यावी लागतात, नाहीतर पुढे सॅनिटायझर (प्रोग्रॅम चालताना मेमरीच्या आणि इतर छुप्या चुका पकडणारी सोय) लावल्यावर लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारं हत्यार) अडून बसतो. मॅकवर एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल ही आज्ञा द्या. तिथे जीसीसी म्हणून जे चालतं ते खरं तर क्लँग हा दुसराच कंपायलर असतो, आणि सोबतचं मेक ३.८१ या जुन्या आवृत्तीचं. आपल्या कामाला दोन्ही चालतात.

विंडोजवर सरळ डब्ल्यूएसएलचा, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याचा, रस्ता धरा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून पॉवरशेल उघडून डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल दिलं की उबुंटू येतं आणि बाकी सगळं वरच्यासारखंच करता येतं. थेट विंडोजवर चालणारं मिनजीडब्ल्यूचं जीसीसी वापरून प्रोग्रॅम तयार होतो, पण त्यात ॲड्रेस सॅनिटायझर चालत नाही, आणि या मांडणीचा निम्मा जीव त्यातच आहे. डब्ल्यूएसएलमध्ये प्रोजेक्ट होम फोल्डरमध्ये ठेवा. विंडोजच्या सी ड्राइव्हमध्ये ठेवला तर प्रत्येक फाइल वाचायला उशीर होतो. फोल्डरच्या नावात मोकळी जागाही नको, कारण मेकला ती पचत नाही.

ज्यांचं सी टर्बो सीवर शिकून झालं आहे, त्यांनी तीन सवयी आताच सोडाव्यात. पहिली, कॉनिओ.एच आणि त्यातली सीएलआरएससीआर, गेटसीएच ही फंक्शनं. ती प्रमाणित सीमध्ये नाहीतच. दुसरी, व्हॉइड मेन: मेन हे इंट परत करतं, आणि टेस्टमध्ये त्या परत केलेल्या आकड्यावरच सगळी भिस्त असते. तिसरी, इंट म्हणजे ३२,७६७ पर्यंत हा हिशेब. तो १६ बिटी इंटचा होता. आजच्या नेहमीच्या मशीनवर इंट ३२ बिटी असतो, आणि पैशांसाठी आपण ६४ बिटी लाँग लाँग घेणार आहोत.

फोल्डर, आणि मेनला बाहेर काढणं

लाख नावाचा फोल्डर करा. त्यात एसआरसी, टेस्ट्स आणि व्हेंडर असे तीन फोल्डर. बिल्ड नावाचा चौथा फोल्डर मेक स्वतः तयार करेल. तो हाताने करायचा नाही आणि कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्येही घालायचा नाही. गिट इनिट केल्यावर लगेच .गिटइग्नोर फाइलमध्ये बिल्ड/ एवढी एक ओळ लिहून मोकळे व्हा.

एसआरसीमध्ये तीन फाइली हव्यात: लाख.एच, लाख.सी आणि मेन.सी. सगळी मांडणी या तीन फाइलींच्या वाटणीवर उभी आहे. खरं काम लाख.सीमध्ये. मेन.सीमध्ये फक्त आकडा वाचणं, फंक्शन बोलावणं आणि उत्तर छापणं, दहा-पंधरा ओळींत. कारण असं की टेस्टचा प्रोग्रॅम हाही एक स्वतंत्र प्रोग्रॅम आहे आणि त्याला स्वतःचं मेन असतं. काम आणि मेन एकाच फाइलीत असेल तर टेस्ट जोडताना एका प्रोग्रॅमात दोन मेन येतात, आणि लिंकर ‘मल्टिपल डेफिनिशन ऑफ मेन’ असं सांगून थांबतो. ‘सीमध्ये टेस्ट लिहिणं अवघड आहे’ या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा हीच एक गोष्ट सापडते.

दुसरी तितकीच महत्त्वाची गोष्ट: लाख.सीमध्ये एकही प्रिंटएफ नको. स्क्रीनवर छापलेलं उत्तर टेस्टला पकडता येत नाही, बफरमध्ये लिहिलेलं पकडता येतं. म्हणून लाख_फॉरमॅट हे फंक्शन तीन गोष्टी घेतं: लाँग लाँग आकडा, कॅर पॉइंटर म्हणजे कुठे लिहायचं ती जागा, आणि साइझ_टी प्रकारात त्या जागेची लांबी. परत देतं इंट: लिहिलेल्या अक्षरांची संख्या, शेवटचा शून्य बाइट न मोजता. जागा अपुरी असेल तर -१ आणि बफरला हातही लावायचा नाही. अर्धवट लिहिलेली रक्कम ही न लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त घातक. १,२३,४५,६७८ मधलं शेवटचं एक अक्षर कापलं गेलं तर राहिलेलंही आकड्यासारखंच दिसतं.

हेडरमध्ये एवढीच घोषणा, साइझ_टीसाठी एसटीडीडेफ.एच, आणि दुबार समावेश टाळणारा गार्ड. गार्डचं नाव अंडरस्कोर आणि त्यामागे कॅपिटल अक्षर असं सुरू करू नका. तशी नावं कंपायलर आणि लायब्ररीसाठी राखीव असतात. कॅपिटलमध्ये लाख_एच पुरे. लाख.सीच्या पहिल्याच ओळीत लाख.एच जोडा, म्हणजे घोषणा आणि व्याख्या यांत फरक पडला तर कंपायलर तिथल्या तिथे पकडेल.

फंक्शन आतून

सुचणारा पहिला मार्ग म्हणजे एसएनप्रिंटएफने आकडा लिहून घ्यायचा आणि मग मागून मोजत स्वल्पविराम खुपसायचे. या मार्गात वजाचं चिन्हही अक्षर म्हणून मोजलं जातं, आणि -९९९ चं -,९९९ होतं. सोपा मार्ग उलटा: आकड्याला दहाने भागत उजवीकडून डावीकडे एकेक अंक लिहायचा.

त्यासाठी फंक्शनच्या आत २९ बाइटचा तात्पुरता ॲरे घ्या. २९ कुठून आले? लाँग लाँगमध्ये जास्तीत जास्त १९ अंक मावतात. शेवटचे तीन बाजूला काढले की उरले १६, म्हणजे दोन-दोनचे आठ गट, म्हणून आठ स्वल्पविराम. १९ अधिक ८, अधिक वजाचं एक चिन्ह, अधिक शेवटचा शून्य बाइट. हा हिशेब कोडमध्ये त्या ओळीच्या वर कॉमेंट म्हणून लिहाच. सहा महिन्यांनी २९ हा आकडा आपणहून काही बोलत नाही.

पॉइंटर ॲरेच्या टोकाला न्या, तिथे शून्य बाइट ठेवा. लिहून झालेले अंक मोजायला एक मोजणी ठेवा, सुरुवात शून्यापासून. मग डू-व्हाइलमध्ये: मोजणी तीन किंवा जास्त आणि विषम असेल तर पॉइंटर एक घर मागे घेऊन स्वल्पविराम, पुन्हा एक घर मागे घेऊन अंक, आकड्याला दहाने भागा, मोजणी वाढवा, आकडा शून्य होईपर्यंत चालू ठेवा. तीन, पाच, सात या प्रत्येक विषम टप्प्यावर स्वल्पविराम पडतो, म्हणजे हजार, लाख, कोटी. पहिल्या तीनसाठी वेगळा नियम आणि पुढच्या दोन-दोनसाठी वेगळा, अशी कसरत करायची गरजच उरत नाही.

डू-व्हाइलच हवं, साधं व्हाइल नको. साध्या व्हाइलमध्ये शून्य दिलं की आत शिरायच्या आधीच अट मोडते आणि उत्तर रिकामं येतं.

वजा आकड्याचं काय? ‘शून्यापेक्षा कमी असेल तर एन बरोबर -एन’ ही ओळ सगळेच लिहितात आणि ती चूक आहे. लाँग लाँगची सर्वांत लहान किंमत -९२२३३७२०३६८५४७७५८०८, आणि सर्वांत मोठी, चिन्ह सोडलं तर, तिच्यापेक्षा एकाने कमी, ...८०७ ने संपणारी. म्हणजे त्या किमतीचं चिन्ह उलटवल्यावर येणारा आकडा या प्रकारात मावतच नाही. सीच्या नियमानुसार हे अनिश्चित वर्तन, कंपायलर काहीही करायला मोकळा. ऑप्टिमायझेशन बंद असताना नेहमीच्या मशीनवर बहुधा आकडा वजाच राहतो, भागाकाराची बाकीही वजा येते, आणि ‘०’ या अक्षराच्या संकेतातून आठ वजा होऊन ४० उरतो, म्हणजे उघडता कंस. त्यामुळे जिथे ८०८ हवं तिथे (०( असं काहीतरी उमटतं.

उपाय: आकडा आधी अनसाइन्ड लाँग लाँगमध्ये घ्या, आणि मूळ आकडा वजा असेल तर शून्यातून तो अनसाइन्ड आकडा वजा करा. अनसाइन्ड गणितात फेरा मारून येणं हे प्रमाणात लिहिलेलं, ठरलेलं वर्तन आहे, आणि उत्तर बरोबर येतं. मग लूप संपल्यावर मूळ आकडा वजा होता का ते बघून चिन्ह लिहायचं. शेवटी लांबी मोजा, दिलेली जागा लांबी अधिक एकपेक्षा कमी असेल तर -१ परत द्या, नाहीतर मेमसीपीवाय करून लांबी परत द्या.

युनिटी, आणि ॲसर्ट का नको

सीमध्ये अट खोटी ठरली की प्रोग्रॅम थांबवणारा ॲसर्ट आहेच, मग वेगळी चौकट कशाला? दोन कारणं. ॲसर्ट पहिल्या चुकीला सगळा प्रोग्रॅम पाडतो, म्हणून बाराव्या टेस्टची अवस्था कळण्याआधी पहिल्या अकरा दुरुस्त कराव्या लागतात. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. कंपाइल करताना एनडीबग हा मॅक्रो ठरवलेला असेल तर सगळे ॲसर्ट हवेत विरतात. सीमेक या दुसऱ्या बिल्ड-हत्याराच्या रिलीज बिल्डमध्ये हा मॅक्रो आपोआप लागतो. तिथे टेस्ट ॲसर्टवर उभ्या असतील तर त्या सगळ्या पास होतात, कारण काहीच तपासलं जात नाही. आणि ॲसर्टच्या कंसातच फंक्शन बोलावलं असेल तर ते बोलावणंही नाहीसं होतं.

आपण थ्रो द स्विचची युनिटी वापरू. गेम बनवायच्या युनिटीशी तिचा संबंध नाही, त्यामुळे शोधताना नावासोबत ‘सी टेस्ट’ असं जोडा. ती एमआयटी परवान्याची आहे आणि तिच्या फक्त तीन फाइली लागतात: युनिटी.सी, युनिटी.एच आणि युनिटी_इंटर्नल्स.एच. गिटहबवरून एखाद्या ठरावीक रिलीजच्या या तिन्ही फाइली उतरवून व्हेंडर फोल्डरमध्ये ठेवा आणि गिटमध्ये नोंदवून टाका. चेक, सीमोका, क्रायटेरियन हेही चांगले पर्याय आहेत. चेक तर प्रत्येक टेस्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवू शकतं, त्यामुळे एक टेस्ट कोसळली तरी बाकीच्या चालतात. पण ते इन्स्टॉल करावे लागतात, आणि पहिल्या प्रोजेक्टला तीन फाइली कॉपी करणं यापेक्षा सोपं काही नाही.

टेस्ट्स फोल्डरमध्ये टेस्ट_लाख.सी तयार करा. त्यात युनिटी.एच आणि लाख.एच जोडा. सेटअप आणि टेअरडाउन ही दोन फंक्शनं रिकामी का होईना, लिहून ठेवा. काही ठिकाणी त्यांच्याशिवाय लिंकर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ देतो. नावांत सेटअपमधला ‘यू’ आणि टेअरडाउनमधला ‘डी’ कॅपिटल. मग प्रत्येक टेस्ट म्हणजे एक व्हॉइड फंक्शन, कंसातही व्हॉइड. सी२३ च्या आधीच्या सीमध्ये रिकाम्या कंसाचा अर्थ ‘काही घेत नाही’ असा नसून ‘काय घेतं ते सांगितलेलं नाही’ असा होतो.

मेनमध्ये क्रम असा: युनिटी_बिगिन, मग प्रत्येक टेस्टसाठी रन_टेस्ट, आणि शेवटी युनिटी_एंड जे देईल ते मेनने परत करायचं. हे तिन्ही मॅक्रो पूर्ण कॅपिटलमध्ये. युनिटी_एंड फेल झालेल्या टेस्टची संख्या देतं. ती परत करायला विसरलात तर स्क्रीनवर फेल दिसेल, पण मेकला मात्र सगळं आलबेल वाटेल. लिनक्सवर प्रोसेसच्या निकालाचे फक्त शेवटचे आठ बिट पुढे जातात, म्हणजे नेमक्या २५६ टेस्ट फेल झाल्या तर निकाल शून्य पोचतो. मोठ्या प्रोजेक्टमध्ये ‘शून्य नसेल तर १’ असं परत केलेलं बरं.

कोणते आकडे तपासायचे

अधलेमधले आकडे घेऊ नका. चूक कुंपणावर राहते, म्हणून आकडेही कुंपणावरचे घ्या: ०, ७, ९९९, १,०००, ९९,९९९, १,००,०००, ९९,९९,९९९, १,००,००,०००. मग वजा बाजू: -१, -९९९, -१,०००, -९९,९९९. शेवटी दोन टोकं, एलएलओएनजी_मॅक्स आणि एलएलओएनजी_मिन, लिमिट्स.एचमधून आणि कॅपिटलमध्ये. खालचं टोक हाताने आकडा टाइप करून लिहू नका. कंपायलर आधी चिन्हाशिवायचा आकडा वाचतो, आणि तो लाँग लाँगमध्ये मावत नाही म्हणून वॉर्निंग येते. अपेक्षित उत्तर मात्र हाताने लिहायचं: -९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०८. ते फंक्शनकडूनच काढून घेऊन चिकटवलं तर फंक्शन स्वतःच स्वतःला शाबासकी देतं.

तुलना टेस्ट_ॲसर्ट_इक्वल_स्ट्रिंगने, तीही पूर्ण कॅपिटल. आधी अपेक्षित, मग मिळालेलं. क्रम उलटा लिहिला तरी पास-फेल बरोबरच येतं, पण फेल झाल्यावरचा संदेश उलटा वाचावा लागतो आणि माणूस चुकीच्या बाजूला शोधत बसतो. दोन स्ट्रिंगची == ने तुलना कधीच नको; तिथे मजकूर नाही, पत्ते ताडले जातात.

आकडा, अपेक्षित उत्तर आणि बफर हे तेच तेच लिहायचा कंटाळा येतो आणि त्यासाठी मदतनीस फंक्शन काढावंसं वाटतं. काढा, पण फंक्शन नको, मॅक्रो काढा. फंक्शन काढलं तर कुठलीही टेस्ट फेल झाली तरी युनिटी त्या मदतनीस फंक्शनमधल्या एकाच ओळीचा क्रमांक दाखवत राहते. मॅक्रो ज्या ओळीवर वापरला तिचा क्रमांक येतो.

आता बफरच्या टेस्ट. १,००० साठी सहा बाइट लागतात: पाच अक्षरं आणि शून्य बाइट. जागा ६ सांगितली तर उत्तर ५ यायला हवं, ५ सांगितली तर -१, ० सांगितली तरी -१. इथे एक बारीक गोष्ट आहे. टेस्टमधला बफर ६४ बाइटचा असेल आणि फंक्शनला ‘५ बाइट आहेत’ असं सांगितलं असेल, तर फंक्शनने सहावा बाइट लिहिला तरी ॲड्रेस सॅनिटायझरला त्यात वावगं काही दिसत नाही, कारण जागा खरोखर ६४ ची आहे. म्हणून आधी मेमसेटने पूर्ण बफर # चिन्हाने भरा, फंक्शन बोलवा, आणि नंतर प्रत्येक बाइट अजून # आहे का ते तपासा.

पुढच्या प्रोजेक्टमध्ये मॅलॉक वापराल तेव्हा एवढं लक्षात असू द्या: फेल झालेल्या ठिकाणाहून युनिटी थेट उडी मारून टेस्टच्या बाहेर येते. त्यानंतर लिहिलेलं फ्री कधी चालतच नाही. मोकळं करायचं काम टेअरडाउनमध्ये ठेवा.

मेकफाइल

प्रोजेक्टच्या मुळाशी मेकफाइल नावाची फाइल, पहिलं एम कॅपिटल, एक्स्टेन्शन नाही. दोन लक्ष्यं: मुख्य प्रोग्रॅम बनवणारं ऑल आणि टेस्ट बनवून चालवणारं टेस्ट. शिवाय बिल्ड फोल्डर पुसणारं क्लीन.

फ्लॅग आधी ठरवू. -एसटीडी=सी११ द्या. हे न दिल्यास कंपायलरच्या आवृत्तीबरोबर भाषाच बदलते. जीसीसी १५ हा फ्लॅग नसताना सी२३ धरतं. मग -डब्ल्यूऑल, -डब्ल्यूएक्स्ट्रा, -डब्ल्यूपेडँटिक, -डब्ल्यूशॅडो, -डब्ल्यूकन्व्हर्जन, सगळ्यांत डब्ल्यू कॅपिटल आणि पुढचं स्मॉल. शेवटचा फ्लॅग अंक लिहिण्याच्या ओळीवर हमखास कुरकुर करेल, कारण मोठा अनसाइन्ड आकडा कॅरमध्ये कोंबला जातो. बाकी शून्य ते नऊच असते हे आपल्याला माहीत आहे, तेव्हा तिथे कॅरमध्ये उघड कास्ट करा. डीबगरसाठी -जी.

टेस्टच्या बिल्डला यावर आणखी: -एफसॅनिटाइझ=ॲड्रेस,अनडिफाइन्ड आणि -एफनो-सॅनिटाइझ-रिकव्हर=ऑल. दुसरा फ्लॅग बहुतेक जण गाळतात. तो नसेल तर अनिश्चित वर्तन सापडल्यावर ‘रनटाइम एरर’ अशी ओळ छापून प्रोग्रॅम पुढे जातो, आणि टेस्ट पास धरली जाते. तो असला की तिथेच थांबतो. सॅनिटायझरचे फ्लॅग कंपाइल आणि लिंक या दोन्ही पायऱ्यांना द्यायचे. फक्त कंपाइलला दिले तर __एसान ने सुरू होणाऱ्या नावांचे ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ रांगेने येतात.

सॅनिटायझर लावलेल्या आणि न लावलेल्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले, अजून न जोडलेले तुकडे) एकाच फोल्डरमध्ये मिसळू देऊ नका. मुख्य प्रोग्रॅमच्या बिल्ड/ॲपमध्ये, टेस्टच्या बिल्ड/टेस्टमध्ये. टेस्टच्या यादीत तीनच ऑब्जेक्ट: लाख, टेस्ट_लाख, युनिटी. मेन तिथे नाही. युनिटी.सीसाठी कडक वॉर्निंग लावू नका. दुसऱ्याच्या कोडवरच्या वॉर्निंगांच्या ढिगात आपली एक बुडून जाते.

नियम लिहिताना % म्हणजे फाइलीचं बदलतं नाव, $@ म्हणजे जे बनवायचं ते, $< म्हणजे पहिली कच्ची फाइल, $^ म्हणजे सगळ्या. कंपाइलच्या नियमात $<, लिंकच्या नियमात $^. लिंकला चुकून $< लिहिलं तर एकच ऑब्जेक्ट जोडला जातो आणि बाकी सगळी फंक्शनं ‘अनडिफाइन्ड’ होतात.

नियमाखालची आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हायला हवी. हा नियम मेकच्या जन्मापासूनचा, १९७६ सालचा, बेल लॅब्समधल्या स्टुअर्ट फेल्डमन यांच्या वेळचा. आठ स्पेस दिसायला तशाच दिसतात, पण मेक ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून थांबतं. वेबवरून कॉपी केलं की टॅबच्या स्पेस होतातच. शंका आली तर लिनक्सवर सीएटी -ए मेकफाइल अशी आज्ञा द्या, यात ए कॅपिटल. खरा टॅब असेल तिथे टोपी आणि आय अशी जोडी दिसते. ओळीच्या शेवटी डॉलरच्या आधी टोपी आणि एम दिसले तर फाइल विंडोजच्या ओळ-पद्धतीने साठवली गेली आहे. एडिटरमधून ती एलएफवर आणा.

आणखी दोन गोष्टी. पहिली, .फोनी (कॅपिटल) या ओळीत ऑल, टेस्ट, क्लीन ही नावं लिहा. ती ओळ नसताना टेस्ट नावाची फाइल किंवा फोल्डर मुळाशी असेल तर मेक ‘अप टू डेट’ सांगतं आणि काहीच चालवत नाही. आपण फोल्डरला टेस्ट्स म्हटलं तेही याचसाठी. दुसरी, कंपाइलच्या फ्लॅगमध्ये -एमएमडी आणि -एमपी, डॅशनंतर सगळं कॅपिटल, आणि मेकफाइलच्या शेवटी तयार होणाऱ्या .डी फाइलींचा -इन्क्लूड, इथे डॅश मुद्दाम. नाहीतर लाख.एच बदलला तरी त्यावर अवलंबून असलेल्या फाइली पुन्हा कंपाइल होत नाहीत. एका ऑब्जेक्टमध्ये स्ट्रक्टचा जुना आकार आणि दुसऱ्यात नवा, असं झालं की जो घोळ होतो तो शोधायला दिवस जातो, आणि मेक क्लीन केल्यावर आपोआप नाहीसा होतो. क्लीन केल्यावर बग जात असेल तर बग मेकफाइलमध्येच आहे.

आधी लाल, मग हिरवं

मेक टेस्ट द्या. सगळं बरोबर असेल तर पासच्या ओळी, मग टेस्टची एकूण संख्या, आणि ओके. इथे थांबायचं नाही. टेस्ट खरंच पकडतात का ते बघायला फंक्शन मुद्दाम मोडा.

विषमची अट काढून ‘दर तीन अंकांनी’ करा. फाइलीचं नाव, ओळ, टेस्टचं नाव, फेल, आणि अपेक्षित ‘१,००,०००’ ऐवजी ‘१००,०००’ मिळालं, असा संदेश यायला हवा. लगेच इको $? देऊन निकाल शून्य नाही ना ते बघा. पूर्ववत करा. मग २९ चे २८ करा. एलएलओएनजी_मॅक्सची टेस्ट तरीही पास होईल, कारण तिला वजाचं चिन्ह नाही आणि २८ पुरतात. एलएलओएनजी_मिनवर मात्र पॉइंटर ॲरेच्या एक घर आधी लिहितो आणि ॲड्रेस सॅनिटायझर स्टॅक-बफर-अंडरफ्लो असा मथळा देऊन लाख.सीमधली नेमकी ओळ दाखवतो. सॅनिटायझर नसता तर तो एक बाइट शेजारच्या जागेत गुपचूप गेला असता आणि टेस्ट बहुधा पासही झाली असती. शेवटी अनसाइन्डची युक्ती काढून ‘एन बरोबर -एन’ लिहा आणि रनटाइम एरर बघून घ्या.

--कव्हरेज फ्लॅग आणि जीकोव्ह वापरून किती ओळी चालल्या तेही काढता येतं. उपयोगी आहे, पण त्यातल्या शंभर टक्क्यांवर विसंबू नका. ०, १,००,००० आणि -१ एवढ्या तीन आकड्यांत आणि एका अपुऱ्या बफरमध्ये या फंक्शनची प्रत्येक ओळ चालून जाते, आणि वरच्या शेवटच्या दोन्ही चुका तशाच राहतात.

जीडीबीखाली टेस्ट चालवताना लीक सॅनिटायझर (मोकळी न केलेली मेमरी शोधणारा) ‘पीट्रेस’चं नाव घेऊन तक्रार करतो. त्या वेळेपुरतं एसान_ऑप्शन्स या कॅपिटल नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये डिटेक्ट_लीक्स=० ठेवा. एरवी तो चालू राहू द्या.

सगळं पूर्ववत करून, हिरवं बघून पहिला कमिट करा. कोड गिटहबवर ठेवणार असाल तर गिटहब ॲक्शन्समध्ये (नवा कोड आला की टेस्ट आपोआप चालवणारी सोय) उबुंटू मशीनवर कोड चेकआउट करणं आणि मेक टेस्ट एवढ्या दोन पायऱ्यांची फाइल पुरते. मेनने निकाल नीट परत केला असेल तर बाकी आपोआप होतं.

पुढचं फंक्शन: देवनागरी अंक

आता याच प्रोजेक्टमध्ये १,२३,४५६ देवनागरी अंकांत लिहिणारं लाख_देवनागरी हे फंक्शन जोडा, पण या वेळी टेस्ट आधी लिहा. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी अंक तीन बाइट घेतो. पहिले दोन बाइट कायम ई० आणि ए५, तिसरा शून्यासाठी ए६ आणि नऊसाठी एएफ, म्हणजे सोळाच्या पायात ए६ अधिक अंक. स्वल्पविराम आणि वजा मात्र एकेक बाइटचेच. त्यामुळे १,२३,४५६ ची एसटीआरलेन २० येते, ८ नाही, आणि आतल्या ॲरेला लागतात १९ गुणिले ३, अधिक ८, अधिक २, म्हणजे ६७ बाइट. उजवीकडून लिहीत असल्यामुळे तीन बाइटही उलट क्रमाने ठेवावे लागतात: आधी तिसरा, मग दुसरा, मग पहिला. क्रम चुकला तर टर्मिनलवर चौकटीतली प्रश्नचिन्हं दिसतील. युनिटीच्या संदेशात हे बाइट बहुधा सोळाच्या पायातल्या आकड्यांत छापलेले येतील, तेव्हा ते ताडून बघा. पहिल्या टेस्टला ० द्या, अपेक्षित लांबी ३. दुसरीला ४ ऐवजी ३ बाइटचा बफर देऊन -१ मागा.